एकाच तळ्यातले काही शिंपले वाढतात, काही खुजे का राहतात? आधी जाळी तपासा

दिवाळी सरली, तळ्याचं पाणी निवळलं की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "भाऊ, पाणी तपासून आणलं. सामू बरोबर आहे. शेणकाला वेळेवर टाकतो. तरी निम्मे शिंपले आणले तेवढेच आहेत, आणि दर महिन्याला पाच-दहा तोंड वासून मरतात." पारशिवनीचा असो, मौद्याचा असो की उमरेडचा, शेततळ्यात मोती शेती करणाऱ्याची तक्रार शब्दाशब्दाला हीच. गेल्या वर्षी औषध टाकून पाहिलेलं असतं, त्याच्या आदल्या वर्षी चुना. महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पाणी सगळ्यांना एकच आहे, खाद्यही (शेणकाल्यावर पाण्यात वाढणारं बारीक शेवाळ) एकच. तरीही एक शिंपला भरतो आणि वीतभर अंतरावरचा खुजा राहतो. मग फरक पाण्यात नाही. शिंपला कशात ठेवलाय, कशावर टेकलाय आणि त्याच्या अंगावर कोण पडलंय, यात आहे. मला हे कळायला पहिलं अख्खं वर्ष गेलं.

माझं तळं कुही तालुक्यात आहे. ३० बाय ३० मीटर, आत प्लास्टिकचं अस्तर. मी राहतो नागपुरात, आठवड्यातून दोनदा तिकडे चक्कर. पहिल्या वर्षी शिंपले आले तेव्हा कळमना मार्केटातून संत्र्याच्या जाळीदार पिशव्या आणल्या, एकेकीत चोवीस शिंपले भरले आणि आडव्या बांबूला टांगल्या. दिसायला फार छान दिसत होतं.

डिसेंबरात एक पिशवी वर ओढली. हाताला जड लागली म्हणून आधी आनंदच झाला. काठावर आणल्यावर दिसलं की ते वजन शिंपल्यांचं नव्हतंच. जाळीचं एकेक घर शेवाळाने आणि तांबूस गाळाने लिंपून गेलं होतं, काडी घालावी तरी आत जाईना. पिशवी कापून शिंपले होते त्याच क्रमाने पोत्यावर मांडले. वरच्या सहा-सात शिंपल्यांच्या कडेला कोवळी, हिरवट-पिवळी पट्टी होती. पातळ, नखाने दाबली तर वाकणारी. खालचे सगळे एकमेकांत पाचर मारल्यासारखे रुतलेले. त्यांची कड काळी आणि बोथट, पट्टीचा मागमूस नाही. मधोमध दोन मेलेले. त्यांचं मांस सडून काळं पाणी झालं होतं आणि त्यांना चिकटलेले तीन शिंपले हाताने टोकलं तरी मिटत नव्हते.

ती कोवळी पट्टी नीट ओळखून ठेवा. शिंपला वाढतो तो कडेने. मांसाचा पातळ पडदा कडेशी नवं कवच घालत जातो, आणि वाढ चालू असताना ती नवी कड मऊ, फिकट असते. वाढ थांबली की कड जाड होते, गडद होते. वजनकाटा किंवा स्केल नसली तरी या पट्टीवरून गेल्या महिना-दोन महिन्यांत काय झालं ते कळतं.

म्हणून तक्रार आली की मी पहिल्यांदा एवढंच सांगतो: एक पिशवी पूर्ण रिकामी करा, पण शिंपले मिसळू नका. वरचे वर, खालचे खाली असे मांडा आणि कडा पाहा. वरचे भरलेले आणि खालचे खुजे असतील तर पिशवीत दाटी आहे. काठाकडच्या पिशव्या चांगल्या आणि मधल्या ओळींतल्या वाईट असतील तर तळ्यात एकूणच शिंपले जास्त झालेत किंवा जाळ्या बुजल्यात. मधल्यांपर्यंत पोचेपर्यंत पाण्यात खायला काही उरत नाही. सगळेच सारखे रोडावले असतील तेव्हाच पाण्याकडे आणि खाद्याकडे वळा. आणि उन्हाळ्यात फक्त वरच्या थरातले मेले असतील तर ती वेगळी गोष्ट, ती पुढे सांगतो.

दाटीने नेमकं काय होतं? शिंपला पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर त्यातले बारीक शेवाळकण गाळून घेतो आणि पाणी बाहेर सोडतो. दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळलं जातं. त्यासाठी त्याला तोंड उघडावं लागतं. फार नाही, काही मिलिमीटरच. पण तेवढंही उघडता आलं नाही तर तो उपाशी. त्याच्या बिजागरीशी एक लवचीक पट्टा असतो, तो दोन्ही शिंपा उघड्या ठेवायला पाहतो. आतले दोन स्नायू त्या ओढून मिटतात. हा पट्टा काही फार जोरकस नसतो. वर दहा-बारा शिंपल्यांचं ओझं आणि भोवती ताणलेली जाळी असेल तर तो काय उघडणार? यातला घात असा की मिटलेला शिंपला लगेच मरत नाही. अंगातल्या साठ्यावर बरेच दिवस काढतो. म्हणून ऑगस्टमध्ये केलेली दाटी डिसेंबरात दिसते आणि आपण डिसेंबरच्या पाण्याला दोष देतो.

आंभोऱ्याकडच्या एका ढिवर काकांना मी ती कापलेली पिशवी दाखवली. वैनगंगेत त्यांचं आयुष्य गेलंय. ते शिंपले हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले, "भाऊ, शिंपीले पाय असते. तुम्ही तिले पोत्यात भरून टांगली. ते जाईन कुठं?"

"मग काय करू काका?"

"तिच्यापुरती जागा द्या ना बाप्पा तिले. नदीत पाहा, अर्धी चिखलात रायते, पण ज्याचं त्याचं तोंड वरतं मोकळं रायते."

सगळं मर्म त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला मांसल पाय असतो. तो पाय रेतीत किंवा चिखलात रोवून शिंपला उभा राहतो, नको वाटलं तर सरकतो. त्याचं पुढचं टोक खाली रुतलेलं आणि पाणी आत-बाहेर करणारं मागचं टोक वर. टांगल्यावर आपण त्याचा चिखलही काढून घेतो आणि सरकण्याची सोयही.

इथेच एक गैरसमज दरवर्षी लोकांचं नुकसान करतो. मोबाइलवर समुद्रातल्या शिंपल्यांचे व्हिडिओ पाहायचे आणि तीच रीत शेततळ्यात करायची. कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात ते हिरवे शिंपले, आणि आपले शेततळ्यातले शिंपले, यांचं बसणंच वेगळं. शिनाण्याला पायाशी चिवट तंतू फुटतात आणि त्या तंतूंनी तो खडकाला, खांबाला, दोराला घट्ट धरतो. केरळात कासरगोडच्या खाड्यांमध्ये बायकांचे बचत गट दोरावर त्यांची शेती करतात. बोटाच्या पेराएवढं बी, म्हणजे शिंपल्यांची पिल्लं, दोराभोवती पसरायचं, वर सुती कापड गुंडाळून शिवायचं आणि दोर पाण्यात सोडायचा. काही दिवसांत कापड कुजून जातं, तोवर शिंपल्यांनी दोर धरलेला असतो. पावसाळ्याआधी पाच-सहा महिन्यांत पीक हाती येतं.

तिथे दोराचा पोत फार महत्त्वाचा. गुळगुळीत दोरावर बी घसरतं. खरखरीत, केसाळ दोरावर जास्त बी बसतं, म्हणून काथ्याचा दोर चांगला धरतो. पण जास्त बी बसलं म्हणजे जास्त माल निघाला असं होत नाही, आणि हे आपल्यालाही लागू आहे. शिंपले मोठे होऊ लागले की जागा पुरत नाही. ते एकमेकांच्या पाठीवर चढतात, थर होतात. बाहेरच्या थराला ताजं पाणी, आतल्याला उष्टं. आतले खुजे राहतात किंवा मरतात, त्यांनी दोर सोडला की त्यांच्यावर बसलेला अख्खा घड निसटून तळाला जातो. एकेकाचं वजन वाढत जातं तशी संख्या घटत जाते, हा निसर्गाचाच हिशेब आहे. स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर तराफ्यांवरून बारा-बारा मीटरचे दोर सोडतात. तिथले लोक घड घसरू नये म्हणून दोरात ठरावीक अंतरावर आडव्या काड्या अडकवतात, आणि काही महिन्यांनी शिंपले काढून जास्त दोरांवर विरळ करून पुन्हा बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या शिंपले पिकवणारी माणसंसुद्धा विरळणी चुकवत नाहीत. आपण मात्र एकदा पिशवी टांगली की वर्षभर हात लावत नाही.

दोराची गोष्ट निघालीच आहे तर हेही. आपल्या तळ्यात काथ्याचे दोर सोडून "बी बसेल" म्हणून वाट पाहणारे मला दोघे भेटले. एकाने वर्ष घालवलं. तसं बी बसणार नाही. समुद्री शिंपल्याची पिल्लं पाण्यात तरंगतात आणि मग दोर शोधून बसतात. आपल्या शिंपल्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस त्याच्या अंगावर काढतात आणि मग गळून तळाच्या मातीत पडतात. दोराला त्यांच्या आयुष्यात जागाच नाही.

आता ठेवायचं कशात ते बोलू. मी तीन प्रकार शेजारी-शेजारी टांगून वर्षभर पाहिले. प्रत्येक शिंपल्यावर कानशीने नंबर कोरला होता, म्हणजे अंदाजपंचे काही राहू नये.

लांब सैल पिशवी सगळ्यात वाईट. तिला तळ नसतो, टोक असतं. कितीही हलक्या हाताने भरा, वारा सुटला, पाणी हललं की सगळे त्या टोकाशी गोळा होतात. दहा घातले तरी खालच्या चौघांवर भार येतोच.

फळांचं प्लास्टिकचं कॅरेट बरं. त्याला सपाट तळ आहे. शिंपले एकाच थरात ठेवायचे आणि निम्मा तळ उघडा दिसला पाहिजे. मी काही कॅरेटांत आतून जाळी लावून दोन बोटं धुतलेली रेती घातली. आठवड्याने पाहिलं तर बरेचसे शिंपले आपणहून उभे राहिले होते, पाय रेतीत, तोंड वर. लहान, चार-पाच सेंटिमीटरच्या शिंपल्यांना मी आता असंच ठेवतो. अडचण दोन: रेतीमुळे कॅरेट जड होतं, आणि गाळ आत साचतो. कॅरेटच्या आतल्या धारदार कडा मात्र आधी घासून घ्या. कोवळी कड त्यांच्यावर आपटली की तुटते आणि शिंपला वाढायचं सोडून ती भरून काढण्यात शक्ती घालवतो.

बीड, म्हणजे मोती धरावा म्हणून आत घालतात तो मणी, घातलेल्या मोठ्या शिंपल्यांसाठी मी कप्प्यांच्या जाळीवर स्थिरावलोय. एक सेंटिमीटर घराची नायलॉन जाळी, तिला आडवे कप्पे शिवलेले, एका कप्प्यात दोनच शिंपले. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने गोड्या पाण्यातल्या मोत्यांची जी पद्धत बसवली, तिच्यातही एका पिशवीत दोन शिंपले हेच प्रमाण आहे. मी त्यात एक भर घातली. प्रत्येक कप्प्याच्या तळाला बांबूची एक कामटी ओवली. त्यामुळे कप्पा मिटत नाही, तळ सपाट राहतो आणि दोघं दोन कोपऱ्यांत आडवे पडतात. ज्याला बीड नुकतंच घातलंय त्याला तर ही जागा द्याच. दाटीत तो लोळत राहतो, आणि जखम भरायच्या आत बीड बाहेर पडतं.

जाळीचं घर निवडताना एकच पाहा: शिंपला निसटणार नाही इतपत, पण त्याहून बारीक नको. मच्छरदाणीसारखी जाळी पंधरा दिवसांत भिंत होते. दोन जाळ्यांमध्ये दोन वीत अंतर ठेवा, नाहीतर वाऱ्याने एकमेकींवर आपटतात.

संख्येचा हिशेब मात्र मन घट्ट करून करायचा. हेक्टरी २० ते ३० हजार शिंपले ही शिफारस आहे. ३० बाय ३० मीटर म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे १,८०० ते २,७०० शिंपले. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, खाली पाणी कमी, म्हणून मी १,८०० च्या वर जात नाही. एवढ्याच तळ्यात पाच-सहा हजार घाला म्हणून सांगणारे विक्रेते मला भेटलेत. ते शिंपले विकून जातात. मेलेले शिंपले मोजायला तुम्हीच उरता. आणि हे शिंपले कुठल्या कारखान्यातून येत नाहीत. कोणत्या तरी मामा (माजी मालगुजारी) तलावातून, नदीतून उचललेले असतात, तिथलं पाणी गाळण्याचं काम सोडून आलेले. ते पिशवीच्या बुडाशी गुदमरून मरावेत हे मला खरंच सहन होत नाही.

तळ्यात एकूण दाटी झालीय का हे पाहायला साधी खूण आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. हिरवट पाण्यात बोटं अंधुक दिसली तर ठीक. नखं लख्ख दिसत असतील तर शिंपल्यांनी पाणी चाटूनपुसून साफ केलंय. तेव्हा शेणकाला वाढवण्याआधी शिंपले कमी करा.

जाळी धुण्याचं. बुजलेली जाळी म्हणजे दाटीच, फक्त दिसत नाही. शेवाळ, गाळ, गोगलगायींची अंडी, कधी कधी गोड्या पाण्यातला स्पंजसुद्धा जाळीवर चढतो. बरेच जण शिंपले आत ठेवूनच ब्रशने खसाखसा घासतात. त्यात कोवळ्या कडा तुटतात आणि निघालेली घाण शेजारच्याच जाळीवर बसते. मी जाळ्यांचे दोन संच केलेत. सकाळी लवकर, सावलीत, एकेक जाळी वर घ्यायची, शिंपले ओल्या पोत्यावर काढायचे, मेलेले वेगळे करायचे, बाकीचे कोरड्या स्वच्छ जाळीत भरून पुन्हा पाण्यात. एका जाळीला दहा मिनिटांच्या वर लागता कामा नयेत. घाणेरडी जाळी घासायचीच नाही; बांधावर पसरून द्यायची. आपल्याकडचं ऊन चार दिवसांत तिच्यावरचं सगळं वाळवून टाकतं, मग आपटली की पापुद्रे झडतात. पावसाळा सोडला तर दर महिन्याला हे करतो. मेलेला शिंपला ओळखायला टकटक करा: जिवंत मिटतो, मेलेला तसाच उघडा राहतो. काही मेलेले चिखल भरून मिटलेलेही असतात, त्यांना वास येतो आणि आवाज पोकळ असतो.

आता उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तळ्याचा वरचा हातभर थर हाताला कोमट लागतो. जाळ्या किमान मीटरभर खोल हव्यात. पण खरा घोटाळा टांगण्यात होतो. आठवड्याला तीन-चार बोटं पाणी उडून जातं, वर पिकाला दिलं ते वेगळं. काठावर रोवलेल्या बांबूला जाळ्या बांधल्या असतील तर पाणी खाली जातं आणि जाळ्या आहेत तिथेच राहून गरम थरात येतात. माझे दुसऱ्या वर्षी असेच वरच्या कप्प्यांतले गेले. उलट, ड्रमच्या किंवा कॅनच्या तराफ्याला बांधल्या असतील तर तराफा पाण्याबरोबर उतरतो आणि खालचे कप्पे बुडाच्या गाळात टेकतात; तिथे हवा कमी, जाळी चिखलाने लिंपली जाते. तराफा चांगला, पण मार्चमध्येच दोऱ्या आखूड करून खालचा कप्पा बुडापासून दीड हात वर घ्या. काठावर एक काठी रोवून तिच्यावर खुणा करा आणि दर आठवड्याला पाणी किती उतरलं ते लिहून ठेवा. पाणी दीड मीटरच्या खाली चाललं तर पिकाचं पाणी थांबवावं की शिंपले दुसरीकडे हलवावेत, हा निर्णय एप्रिलमध्येच घ्या. मेच्या दुपारी हलवलेले शिंपले वाटेतच जातात.

एवढं करूनही सगळेच सारखे रोडावलेले निघाले तर पाण्याचा नमुना घेऊन तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात जा. नुसतं पाणी नेऊ नका. एक चांगला आणि एक खुजा, असे दोन शिंपले ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत न्या आणि ते कोणत्या कप्प्यात होते तेही सांगा.

मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर मात्र आठवडाभर तळं सोडू नका. बांधावरून आणि शेतातून येणारं काळ्या मातीचं पाणी दाट असतं. ती चिकण एका रात्रीत जाळीवर आणि कॅरेटच्या रेतीवर बसते. तेव्हा शिंपले काढायचे नाहीत, जाळी बदलायची नाही. रोज सकाळी प्रत्येक जाळी हातभर वर उचलायची, पाण्यातच दोनदा झुलवायची, माती झडताना दिसेल, ती खाली गेली की जाळी सावकाश परत सोडायची.